‘पडीक’ म्हटलेला माळ

महसुली भाषेतले काही शब्द दिसायला निरुपद्रवी असतात, पण त्यांची किंमत पिढ्यांना मोजावी लागते. ‘पडीक’ हा त्यांपैकी एक. इंग्रजी अमदानीत ज्या जमिनीतून शेतसारा येत नसे ती सरकारच्या लेखी पडीक ठरे. तीवर चरणारी मेंढरे आणि घरटी करणारे पक्षी हिशेबात धरले जात नसत. १८७८ च्या वन कायद्यानंतर अशा पुष्कळ जमिनी वनखात्याकडे गेल्या. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गायराने जंगलखात्याने गिळल्याची तक्रार केली आहे. म्हणजे पशुपालक आणि वनखाते यांचे भांडण जवळजवळ दीडशे वर्षांचे. त्यात तिसरा पक्ष, म्हणजे निसर्गप्रेमी, पुढे आला.

या तिघांची गाठ सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर पडली. १९७० च्या दशकाच्या आरंभी सोलापूरचे बी. एस. कुलकर्णी यांनी तिथल्या माळढोक पक्ष्याकडे लक्ष वेधले. १९७९ साली शासनाने सोलापूर व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर केले. क्षेत्र किती? सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर! भिलाईच्या वाचकांना सांगायचे तर २०१२ पूर्वीचा, बालोद आणि बेमेतरा वेगळे होण्याआधीचा, अखंड दुर्ग जिल्हा जवळपास तेवढाच होता. या क्षेत्रात गावे होती, बागायत होती, बाजारपेठा होत्या. खुद्द माळढोकाच्या उपयोगाचे गवताळ तुकडे मात्र थोडे.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्याची अधिसूचना निघाली की त्या जमिनीवर वारसाखेरीज नवा हक्क निर्माण होत नाही. परिणामी जमिनींचे व्यवहार अडकले. ज्या शेतकऱ्याने माळढोक कधी पाहिलाही नव्हता, त्याच्या मनात पक्ष्याविषयी अढी बसली. विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि शेवटी क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. तोवर तीन दशके उलटली होती.

धनगरांचा प्रश्न याहून नाजूक. दिवाळीनंतर कोकणात उतरणारे कळप पावसाळ्याच्या तोंडावर देशावर परततात; आणि माळढोकाची वीणही पावसाळ्यातच. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. कळप आणि कुत्री तिथून गेली की ते गमावण्याची भीती. तेव्हा वनखात्याचे म्हणणे निराधार नव्हते. पण कायमची चराईबंदी हेही उत्तर नव्हते. माळढोकाला दूरवर नजर पोचेल असा मोकळा, आखूड गवताचा माळ लागतो. गवत फार वाढले किंवा मध्ये झाडे लावली, की तो माळ त्याच्या कामाचा राहत नाही.

हा धडा देशाने भरतपूरला फार महागात घेतला होता. १९८२ साली तिथे म्हशींची चराई बंद केली गेली, गोळीबार झाला, माणसे मेली. नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासातून दिसले की म्हशी गेल्यावर गवताने पाणथळी व्यापली आणि पक्ष्यांची अडचण झाली. बंदीला ज्यांचा पाठिंबा होता त्यांच्याच संस्थेने हे नोंदवले, हे त्या संस्थेला भूषणावह आहे.

म्हणून माझे मत असे की तिघांचे भांडण दिसते तितके तत्त्वाचे नाही; ते पुष्कळसे वेळापत्रकाचे आहे. विणीच्या महिन्यांत ठराविक तुकडे बंद, शेजारचे खुले. पाऊस सरल्यावर बंद तुकड्यांतले गवत कापून नेण्यास किंवा आळीपाळीने चारण्यास मुभा. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. पण अनुसूचित जमातीत नसलेल्यांना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. ज्याचे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर, त्याने वास्तव्याचा पुरावा आणायचा कुठून? शेतात मेंढ्या बसवून घेणाऱ्या गावांची साक्ष यासाठी मोलाची धरली पाहिजे. ते काम ग्रामसभेचे आहे.

आता नान्नजला माळढोक दिसणे दुर्मीळ झाले आहे. देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरले असतील, तेही मुख्यतः राजस्थानात. समेटाला उशीर झाला की तो कोणासाठी करायचा हाच प्रश्न उरतो. लांडगा आणि काळवीट मात्र सोलापूरच्या माळावर अजून आहेत, धनगरही आहेत.

आणि हा विषय आपल्यापासून दूर नाही. छत्तीसगडच्या मुरमाड ‘भाठा’ जमिनीवर राऊत पिढ्यान् पिढ्या गुरे चारीत आले. तिलाही कागदोपत्री पडीक म्हणणे सोपे असते, आणि मग तिच्यावर वृक्षारोपण किंवा कारखाना सुचतो. माळ माळच राहावा, एवढ्या एका गोष्टीत गुराखी, वनरक्षक आणि पक्षीनिरीक्षक या तिघांचेही हित आहे. नोंदवहीतला तो एक शब्द बदलण्यापासून सुरुवात करता येईल.