झांझिबारचा पाऊस, पुण्याचा अंदाज

भारतीय हवामानखात्याच्या ‘मेमॉयर्स’चा एकविसावा खंड १९१० च्या सुमाराचा. त्यातल्या, खात्याचे तेव्हाचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांच्या एका निबंधात भारतातल्या मॉन्सूनच्या पावसाचे एक समीकरण आहे. समीकरणात चार घटक येतात. हिमालयावर साठलेल्या बर्फाचा गुणक उणे ०.२०, मॉरिशसच्या वायुदाबाचा उणे ०.२९, दक्षिण अमेरिकेतल्या वायुदाबाचा अधिक ०.२८ आणि झांझिबारच्या पावसाचा उणे ०.१२. उणे चिन्हाचा अर्थ सरळ आहे: झांझिबारला मॉन्सूनच्या आधी जास्त कोसळला, तर आपल्याकडे कमी पडण्याचा संभव.

पुणे-सातारा रस्त्यावर भोर तालुक्यात शिवरे नावाचे गाव आहे. तिथल्या शेतकऱ्याने राब भाजून तरवा टाकायचा, मृगाची वाट पाहायची आणि लावणीच्या पाण्याचा अदमास घ्यायचा, हे काम त्या काळीही चालू होते. त्याच वेळी खात्याच्या मुख्यालयात, सिमल्यात बसलेला एक इंग्रज गणिती त्या पाण्याचा अदमास आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका बेटाकडे पाहून बांधत होता. शिवऱ्याच्या माणसाला हे कळले असते तर तो हसला असता की गप्प बसला असता, ते कागद सांगत नाहीत. पण कागद जे सांगतात ते थोडेथोडके नाही. हल्ली आफ्रिकेतले हवामान-प्रशिक्षण म्हटले की बाहेरच्यांनी शिकवायचे आणि आफ्रिकेने शिकायचे, असेच चित्र डोळ्यांपुढे येते. त्या चित्राला हे समीकरण छेद देते.

आधी समीकरणाची लायकी पाहू. चारही घटक मिळून पावसाशी त्याचा सहसंबंध ०.५८ निघाला. या संख्येचा वर्ग केला तर सुमारे ०.३४ येतो, म्हणजे वर्षावर्षांतल्या चढउताराचा एक तृतीयांश भाग समीकरणाच्या पकडीत आला आणि दोन तृतीयांश सुटला. चौघांत झांझिबारचा वाटा सर्वांत लहान. शिवाय शेकडो ठिकाणचे आकडे चाळून त्यांतले जुळणारे तेवढे निवडले, तर काही निव्वळ योगायोगाने जुळतात, हा आक्षेप आहेच. तो वॉकर यांना ठाऊक होता. अनेक सहसंबंधांतला सर्वांत मोठा उचलताना कोणती कसोटी लावावी, यावर त्यांनी १९१४ मध्ये स्वतंत्र टिपण लिहिले. म्हणून झांझिबार या यादीत आहे एवढे निश्चित. तिथला पाऊस आपल्या पावसाचे खरे कारण होता, असे मात्र या कागदावरून म्हणता येणार नाही.

मग झांझिबारच का? दुसऱ्या प्रकारचे कागद इथे उपयोगी पडतात: समुद्राखालच्या तारांच्या जाळ्याचे. एडनहून झांझिबारला आणि पुढे मोझांबिकमार्गे डर्बनपर्यंत तार १८७९ मध्ये पोचली. झांझिबारहून सेशेल्समार्गे मॉरिशसला ती १८९३ मध्ये गेली. जूनच्या सुरुवातीला अंदाज जाहीर करायचा आणि त्यात मेअखेरपर्यंतचे आकडे घ्यायचे, हे तारेवाचून शक्यच नव्हते. बोटीने येणारा तक्ता सिमल्यात पोचेपर्यंत इकडे आषाढ उजाडला असता. तारेच्या दोन्ही तारखा पक्क्या आहेत. ‘म्हणूनच वॉकर यांनी झांझिबार घेतले’ हे मात्र माझे अनुमान. त्यांच्या यादीतली केंद्रे तारेच्या नकाशावर ठेवून पाहिली की ते बळावते, इतकेच.

वॉकर यांच्या आधीच्या कागदांकडे मागे जाऊ. हवामानखाते १८७५ चे. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी १८८४ मध्ये हिमालयातल्या बर्फाचा आणि भारतातल्या अवर्षणाचा संबंध मांडला. सर्व देशासाठीचा पहिला हंगामी अंदाज निघाला ४ जून १८८६ रोजी. ब्लॅनफोर्ड यांची नजर उत्तरेला होती. ती दक्षिणेकडे, विषुववृत्तापलीकडे वळवली त्यांच्यानंतरच्या जॉन इलियट यांनी. झांझिबार, सेशेल्स, मॉरिशस आणि ऑस्ट्रेलिया इथली निरीक्षणे त्यांच्या हंगामी अंदाजांत येऊ लागली. आणि मग १८९९ उजाडले. इलियट यांचा अंदाज सरासरीहून चांगल्या पावसाचा होता. प्रत्यक्षात नोंदींतल्या सर्वांत वाईट अवर्षणांपैकी एक आले. गुजरात-मारवाडात त्याला छप्पनिया म्हणतात. मुंबई इलाख्याच्या दख्खनी जिल्ह्यांनीही तो दुष्काळ सोसला. वर्तमानपत्रांच्या टीकेनंतर पुढची काही वर्षे अंदाज गोपनीय ठेवले गेले. संशोधकाला अशी कुलूपबंद वर्षे फार चिडवतात. अंदाज वर्तवले जात होते हे माहीत असते, पण वाचणारे निवडक अधिकारी असल्याने त्यांच्यावरची जाहीर प्रतिक्रिया कुठेच सापडत नाही.

मॉरिशसबद्दल थोडे विषयांतर. तिथली रॉयल आल्फ्रेड वेधशाळा पाम्प्लमूसला होती. चार्ल्स मेल्ड्रम यांनी जहाजांच्या नोंदवह्यांवरून चक्रीवादळांचा अभ्यास करून तिचे नाव केले. पायाभरणी १८७० ची. त्याआधीच, एकोणिसाव्या शतकात, मुंबई बंदरातून मराठी माणसे करारबद्ध मजूर म्हणून या बेटावरच्या उसाच्या मळ्यांत गेली होती आणि त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. म्हणजे ज्या बेटाच्या वायुदाबाने दख्खनचा अंदाज ठरायचा, त्याच बेटावर मराठी बोलणारी कुटुंबे राबत होती. वेधशाळेतल्या कोणा मराठी निरीक्षकाचे नाव मात्र मी कुठे वाचलेले नाही आणि छापील तक्त्यांत तसे काही सापडेल असेही वाटत नाही. केंद्र, महिना, आकडा एवढेच तक्ते सांगतात. पर्जन्यमापकातले पाणी मापाने मोजणारा माणूस त्यांत कुठेच नसतो. झांझिबारला नसतो, तसा भोरलाही नसतो.

आता शिक्षणाचा प्रश्न. वॉकर केंब्रिजच्या ट्रिनिटीचे, १८८९ चे सीनिअर रँग्लर. जानेवारी १९०४ मध्ये त्यांनी सूत्रे हाती घेतली तेव्हा हवामानशास्त्राचे कसलेही शिक्षण त्यांच्या गाठीला नव्हते. भारतातल्या विद्यापीठांत तो विषय नव्हताच. जी माणसे आली ती पदार्थविज्ञान किंवा गणित शिकून आली आणि कामावर तयार झाली. रुचीराम साहनी १८८५ मध्ये ब्लॅनफोर्ड यांचे सहायक झाले आणि त्यांच्या हाताखालीच शिकले. सुधांशुकुमार बॅनर्जी कलकत्त्यात उपयोजित गणित शिकवीत होते. पुढे १९४४ मध्ये तेच या खात्याचे पहिले भारतीय महासंचालक झाले. ॲना मणी यांचा विषय पदार्थविज्ञान. इंग्लंडात हवामान-उपकरणांचा अभ्यास करून त्या १९४८ मध्ये पुण्यातल्या कार्यालयात रुजू झाल्या. वॉकर स्वतः निवृत्तीनंतर, १९२४ मध्ये, लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हवामानशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्यापीठात शिकून सिमल्यात काम करायचे, असा हा क्रम नव्हता. सिमल्यात शिकून विद्यापीठात शिकवायला जायचे, असा होता. शिदोरीत भारताचे पर्जन्यतक्ते होते, तसे झांझिबार आणि मॉरिशसचेही.

निवृत्तीच्या सुमारास वॉकर यांनी देशाचे द्वीपकल्प, वायव्य आणि ईशान्य असे विभाग करून नवी सूत्रे मांडली. त्यांत आफ्रिकेचे वजन वाढलेले दिसते: झांझिबार भागाचा पाऊस आहे, दक्षिण ऱ्होडेशियाचा म्हणजे आजच्या झिंबाब्वेचा पाऊस आहे, केपचा वायुदाबही आहे. सोबत जावा आणि अलास्काकडचे डच हार्बर. १९२४ चीच ‘सदर्न ऑसिलेशन’ ही संकल्पना. तिच्यामुळे वॉकर यांचे नाव आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे.

भोर आणि शेजारचा वेल्हे तालुका या सूत्रांच्या द्वीपकल्प विभागात येतात. त्याने शिवऱ्याला काय मिळाले? माझ्या मते फारसे काही नाही, आणि कारण भूगोलात आहे. वेल्ह्याच्या घाटमाथ्यावर आणि भोरच्या पूर्वेकडच्या गावांत काही कोसांच्या अंतरावर पावसाचे मान कितीतरी बदलते. सह्याद्रीवर चढताना वारा पाणी टाकतो आणि पलीकडे उतरताना कोरडा होत जातो. अर्ध्या देशाची सरासरी या उतारावरच्या एका खाचराला काहीच सांगू शकत नव्हती. १९३२ मध्ये एल. ए. रामदास यांच्याकडे पुण्यात कृषिहवामानाचे काम सोपवले गेले, तेव्हा पिकाजवळच्या हवेचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाला. सूत्रांत नसलेले शेत तिथून पुढे नोंदींत येऊ लागले.

मधल्या काळात, १९२८ मध्ये, खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरची ती दगडी इमारत आणि तिच्यावरून पडलेले ‘सिमला ऑफिस’ हे नाव पुणेकरांना नव्याने सांगायला नको. मुख्यालयाबरोबर हंगामी अंदाजाचे कामही आले, म्हणजे आफ्रिकेचे आकडे आता पुण्यात उतरू लागले, हे अनुमान मला सुरक्षित वाटते.

पुढचा कागद सगळ्यांत मोलाचा. चार्ल्स नॉर्मंड हे मुख्यालय पुण्यात असतानाचे महासंचालक. निवृत्तीनंतर, १९५३ मध्ये, ब्रिटिश हवामानशास्त्र संस्थेच्या त्रैमासिकात त्यांनी वॉकर यांची सूत्रे नंतरच्या वर्षांवर तपासून पाहिली. जुने सहसंबंध बरेचसे ढिले पडले होते. पण त्यांचा दुसरा निष्कर्ष अधिक धक्कादायक होता: भारतीय मॉन्सूनचे इतरत्र नंतर घडणाऱ्या हवामानाशी असलेले नाते, त्याच्या आधी घडणाऱ्या हवामानाशी असलेल्या नात्यापेक्षा घट्ट आहे. म्हणजे बाहेरून मॉन्सूनचा अंदाज करण्यापेक्षा मॉन्सूनवरून बाहेरचा अंदाज करणे सोपे. झांझिबारकडे पाहून शिवऱ्याचा पाऊस सांगू पाहणाऱ्या सगळ्या खटाटोपावर हा त्या खात्याच्याच माजी प्रमुखाचा शेरा आहे, म्हणून त्याला साक्षीपुराव्याचे वजन आहे.

तरीही आफ्रिकेचा दुवा तुटला नाही. तो पावसाच्या तक्त्यांतून निघून वाऱ्यात सापडला. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत (१९६२ ते ६५) सोमालियाच्या किनाऱ्याजवळ जमिनीपासून फार उंच नसलेला, अतिशय जोराचा वारा नोंदला गेला. १९६६ मध्ये पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी भारतीय द्वीपकल्पावर तसाच प्रवाह दाखवला. १९६९ मध्ये फिंडलेटर यांनी केनियाच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडून सोमालिया आणि अरबी समुद्रावरून सह्याद्रीपर्यंत येणारा हा सलग पट्टा रेखाटला. झांझिबार त्याच किनाऱ्यावर, थोडे दक्षिणेला. वॉकर यांनी चुकीच्या मापाने बरोबर दिशा धरली होती, असे म्हणण्याचा मोह होतो; पुरावा त्याला पूर्ण पाठिंबा देत नाही, म्हणून मी तो आवरतो.

फिंडलेटर यांच्या कामाला आधार होता नैरोबीचा. १९२९ मध्ये तिथे ब्रिटिश पूर्व आफ्रिकेची हवामानसेवा उभी राहिली आणि तिचे प्रमुख झाले आल्बर्ट वॉल्टर, मॉरिशसच्या त्याच वेधशाळेतून आलेले. स्वातंत्र्यानंतर १९६० च्या दशकात नैरोबी हे जागतिक हवामान संघटनेचे प्रशिक्षणकेंद्र झाले आणि तिथल्या विद्यापीठात हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला. आज घानातले कुमासी, नायजेरियातले अकुरे, नायजरमधले नियामे इथेही हा विषय शिकवला जातो. पुण्यात १७ नोव्हेंबर १९६२ रोजी उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था सुरू झाली, पिशारोटी हे तिचे पहिले संचालक. नैरोबी आणि पुणे या दोन्ही शहरांत या शास्त्राच्या संस्था जवळपास एकाच दशकात उभ्या राहिल्या. ‘कामावर शिका’ हा जुना रिवाज दोन्हीकडे मागोमाग मोडत गेला.

यानंतर वाट उलटली. १९८६ मध्ये खात्याच्या पुण्यातल्या प्रशिक्षणकेंद्राला जागतिक हवामान संघटनेने प्रादेशिक केंद्राचा दर्जा दिला आणि इतर देशांबरोबर आफ्रिकेतल्या देशांचे हवामान-कर्मचारीही इथे शिकायला येऊ लागले. दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, पुण्याचेच वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांचे प्रारूप मांडले. त्या सोळांत हिमालयाचा बर्फ आहे, अर्जेंटिनाचा वायुदाब आहे, म्हणजे वॉकर यांचे जुने दोन साथीदार टिकले. झांझिबार त्यांत नाही. ज्या वर्षांत आफ्रिकेतले विद्यार्थी पुण्यात येत होते, त्याच वर्षांत आलेल्या या नव्या सूत्रात त्यांच्या खंडाचा पाऊस नव्हता. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध आहे असे मी म्हणत नाही. दोन तारखा शेजारी ठेवतो.

एक काम मात्र राहिले आहे आणि ते कोणा एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला सहज जमण्याजोगे आहे. झांझिबारचे जुने तक्ते छापलेले आहेत. पुणे जिल्ह्यातल्या पर्जन्यमापकांच्या जुन्या नोंदी शिवाजीनगरला खात्याच्या राष्ट्रीय विदा केंद्रात आहेत. १९१० च्या समीकरणात वॉकर यांनी पुरा देश एका आकड्यात बसवला होता. आता भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यातली घाटमाथ्याची आणि पूर्वेची केंद्रे वेगवेगळी घेऊन त्यांचा झांझिबारशी सहसंबंध काढून पाहावा. उत्तर बहुधा शून्याच्या आसपास येईल. आले तरी ते छापावे, कारण १९१० पासून तो उणे ०.१२ हा आकडा उतरवून घेतला जातो आहे आणि आपल्या गावच्या पावसावर तो कोणी तपासल्याचे माझ्या वाचनात नाही.