लुचेरा : राजाच्या मर्जीवर वसलेलं मुस्लिम शहर

दक्षिण इटलीत फोज्जाच्या सपाट मैदानालगत एका टेकडीवर लुचेरा हे जुनं गाव आहे. पर्यटक तिथला किल्ला पाहतात, कॅथेड्रल पाहतात आणि पुढं जातात. पण तेराव्या शतकात हे मुसलमानांचं शहर होतं, इथं जुम्याची नमाज उघडपणे होत असे.

827 पासून मुस्लिमांनी सिसिली जिंकायला सुरुवात केली. 1091 पर्यंत नॉर्मनांनी ती पूर्णपणे घेतली, तरी मुस्लिम प्रजा तिथंच राहिली. पुढं जमीन आणि हक्क गमावत ती डोंगराळ भागात ढकलली गेली आणि तिथून तिनं बंड केलं. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकनं ते मोडलं आणि 1220च्या दशकात हजारो मुस्लिमांना बेटावरून उचलून लुचेरात आणून वसवलं.

हा तोच फ्रेडरिक, ज्यानं 1229 मध्ये सुलतान अल-कामिलशी तह करून न लढता जेरुसलेम मिळवलं. त्याच्या अरबीप्रेमाचे, सहिष्णुतेचे दाखले आपल्याकडंही दिले जातात. लुचेरात त्यानं धर्माचं स्वातंत्र्य दिलं हे खरंच. पण लुचेरा ही आधी सक्तीची हद्दपारी होती, हेही तितकंच खरं.

हे लोक शेती करत, शस्त्रं बनवत आणि जिझिया भरत. इथं जिझिया घेणारा राजा ख्रिस्ती होता, देणारे मुसलमान! त्यांचे तिरंदाज फ्रेडरिकच्या फौजेचा कणा होते. चहूकडं परकं जग असल्यानं त्यांना राजाशिवाय दुसरा आधार नव्हता. पोप नाराज होते, तरी राजाला ही निष्ठा सोयीची होती.

फ्रेडरिकचा मुलगा मॅनफ्रेड 1266 मध्ये लढाईत पडला. सत्ता फ्रान्सच्या आंजू घराण्याकडं गेली. लुचेरानं बंड केलं, पण 1269 मध्ये उपासमारीनं शरणागती पत्करली. मग पहिल्या चार्ल्सनं टेकडीवर तो अवाढव्य तट बांधायला घेतला.

ऑगस्ट 1300 मध्ये दुसऱ्या चार्ल्सनं शहर मोडलं. रहिवाशांना गुलाम म्हणून विकलं, मालमत्ता जप्त केली, मशीद पाडली. आजचं कॅथेड्रल त्यानंतर त्याच्याच काळात उभं राहू लागलं. कारण धर्माचं सांगितलं गेलं. पण सिसिलीच्या दीर्घ युद्धानं राजा कर्जात बुडाला होता, हेही इतिहासकार दाखवून देतात.

लुचेराची गोष्ट केवळ जुलमाची म्हणून सांगितली तर ती अर्धीच राहते. सुमारे पंचाहत्तर वर्षं हे शहर सुरक्षित होतं, पण ती सुरक्षितता राजाची मेहेरबानी होती, रहिवाशांचा हक्क नव्हता. कायद्यानं ते राजाची मालमत्ता होते. मालमत्ता जपली जाते आणि गरज पडली की विकलीही जाते. म्हणून दयाळू राजांचं कौतुक करताना एक प्रश्न विचारायला हवा : त्याच्यानंतर येणाऱ्याला रोखणारं काही होतं का? लुचेरात नव्हतं.