सराफकट्ट्यावरील गुप्त बोली

औंढ्या नागनाथाचें नांव निघालें, कीं ज्योतिर्लिंगामागोमाग विसोबा खेचरांची आठवण होते. त्याच हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें ज्यांचें जन्मस्थान मानतात, त्या नामदेवांचे हे गुरु. परंतु सराफीच्या इतिहासांतहि विसोबांना जागा आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. त्यांच्या नांवावर एक लहानसें पद चालत आलें आहे. त्यांत आपल्या स्वामीला मुखें ‘मुळु’, नेत्र ‘उधानु’ आणि हात ‘अंगुळु’ असल्याचें ते सांगतात. सामान्य वाचकाला हें कोडें वाटेल. पेढीवर बसणाराला तें तत्काळ सुटे. मुळु म्हणजे पांच, उधानु तीन, अंगुळु दहा. पंचमुखी, त्रिनेत्र, दशभुज शंकरच तो!

ही नंदभाषा. गिऱ्हाइकादेखत आपसांत भाव बोलण्यासाठीं महाराष्ट्रांतील व्यापारी व दलाल ती वापरीत. केवली एक, आवारु दोन, पोकु चार, शेली सहा, पवित्रु सात, मंगी आठ. शंभराला बिटी आणि रुपयाला भुरका. बाकीचें बोलणें मराठीच. झांकायचे ते आंकडे व नाणीं, कारण सौद्याचें मर्म तेवढ्यांतच असे. जेथें शब्दहि नको, तेथें करपल्लवी. उपरण्याखालीं बोटें दाबून किंमत ठरे. पद विसोबांचेंच असेल, तर ही बोली तेराव्या-चौदाव्या शतकाइतकी जुनी ठरते.

सर्व रुपये सारखे असते, तर सराफाला लपविण्याजोगें फारसें उरलें नसतें. पण पेशवाईंत अंकुशी, चांदवडी असे निरनिराळे रुपये चालत. प्रत्येकाचा कस वेगळा, झीज वेगळी आणि म्हणून बट्टाहि वेगळा. पुढें हिंगोलीच्या बाजूस निजामाचा हाली सिक्का आला, तर पैनगंगेपलीकडील वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजी कारभाराखालीं गेला. हाली रुपये सात म्हणजे इंग्रजी कलदार सहा, असा पुढें सर्वसाधारण हिशेब असे. तो शेतकऱ्यालाहि ठाऊक असेल. परंतु त्याच्या हातांतील जुनें नाणें किती झिजलें, हें सांगणारा सराफच. आपल्या कापसाच्या पैशाचा निकाल आपल्यासमोर, पण आपल्याला न कळणाऱ्या शब्दांत लागतांना तो पाहत असे.

गुप्ततेला दुसरेंहि कारण होतें. पेंढाऱ्यांच्या काळांत कोणाजवळ किती रोकड आहे, हें चारचौघांत उच्चारणें म्हणजे संकट ओढवून घेणें. हें समर्थन खरें आहे, मात्र अर्धेंच. ज्याचें नाणें त्याच्यापासूनच बट्टा लपविण्यास चोरांचें भय हें कारण पुरत नाहीं.

१९५० नंतर भारतीय रुपयापुढें हाली सिक्का चलनांतून गेला. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं. बट्ट्याचा हिशेब संपला, तशी ती बोलीहि ओसरली. जुन्या कथांत विसोबांना ‘चाटी’, म्हणजे कापडाचा व्यापारी, म्हटलें आहे. दुकानांत जे आंकडे दबल्या आवाजांत बोलावयाचे, त्यांनींच या व्यापाऱ्यानें देवाचीं मुखें मोजलीं, आणि तींहि सर्वांनीं म्हणावयाच्या पदांत.