जांजगीरच्या फंकबाई

टायटॅनिकच्या दुसऱ्या वर्गात ९३ स्त्रिया होत्या. त्यांतल्या ८० वाचल्या, १३ गेल्या. त्या तेरांपैकी एक ॲनी क्लेमर फंक: पेनसिल्व्हेनियातल्या बॅली गावच्या, मेनोनाइट पंथाच्या, आणि त्या वेळी मध्य प्रांतातल्या जांजगीरमध्ये मुलींची शाळा चालवणाऱ्या. जीवरक्षक होडीतली आपली जागा त्यांनी दुसऱ्या बाईला दिली, अशी कथा शंभराहून अधिक वर्षे सांगितली जाते आणि त्यांचे नाव टिकले ते बव्हंशी तिच्या जोरावर. माझ्या मते यात त्यांच्यावर अन्याय झाला आहे. त्या रात्री नेमके काय घडले याचा पुरावा तोकडा आहे. त्याआधीच्या पाच वर्षांत काय घडले याचा पुरावा भक्कम आहे, आणि फंकबाईंचे मोठेपण तिथेच शोधायला हवे.

सोळाव्या शतकात मेनो सिमन्स या नेदरलँड्समधल्या धर्मोपदेशकाच्या नावावरून ओळखला जाऊ लागलेला हा पंथ. प्रौढ वयात जाणतेपणी बाप्तिस्मा घ्यायचा, शस्त्र धरायचे नाही, शपथ घ्यायची नाही, राहणी साधी ठेवायची, ही त्याची शिकवण. युरोपात या लोकांचा छळ झाला आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांतले पुष्कळजण पेनसिल्व्हेनियात येऊन शेती करू लागले. ॲनीचा जन्म १२ एप्रिल १८७४ रोजी अशाच एका कुटुंबात झाला. वडील हियरफर्डच्या चर्चमध्ये डीकन होते. या समाजात व्यासपीठ पुरुषांचे होते. बाईला प्रवचन करता येत नसे, पण शिकवता येत असे. ॲनीने ही एकच उघडी वाट धरली आणि तिची रीतसर तयारी केली. वेस्ट चेस्टरच्या अध्यापन विद्यालयात शिक्षण, मग मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थफील्डला मिशनकार्याचे प्रशिक्षण, त्यानंतर टेनेसीतल्या चॅटनूगा इथे कृष्णवर्णीयांमध्ये आणि न्यू जर्सीतल्या पॅटरसनला तरुणींच्या ख्रिस्ती संघटनेत काम. १९०६ साली त्या हिंदुस्थानात आल्या तेव्हा बत्तिशीच्या होत्या, आणि हाताशी अनुभव होता. मिशनऱ्याची बायको म्हणून आलेल्या स्त्रिया पुष्कळ होत्या. अविवाहित राहून, स्वतःच्या कामासाठी म्हणून मेनोनाइटांनी पाठवलेल्या पहिल्या काही स्त्रियांत त्या होत्या.

मेनोनाइट या मुलखात आले ते दुष्काळामागून. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला. आपल्या पंडिता रमाबाई निराधार मुलींना आणण्यासाठी याच प्रांतात गेल्या होत्या. अमेरिकेतल्या मेनोनाइटांनी आधी धान्य पाठवले, मग माणसे. १८९९ साली धमतरीला एका शाखेचे ठाणे पडले. दुसऱ्या शाखेने पाठोपाठ बिलासपूर जिल्ह्यात चांपा आणि जांजगीर धरले. राजधानी नागपूर असलेल्या प्रांताचा हा हिंदी-छत्तीसगढी बोलणारा पूर्व भाग. फंकबाई आधी हिंदी शिकल्या आणि १९०८ साली त्यांनी एका खोलीत मुलींची शाळा उघडली. पटावर मुली होत्या १७.

सतरा मुली म्हणजे काय मोठे, असे कोणी म्हणेल. पण आकडा त्या काळात ठेवून पाहावा. १९११च्या जनगणनेत देशातल्या शंभर स्त्रियांमागे साक्षर भरली जेमतेम एक. १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेची सुरुवातही बोटांवर मोजता येतील इतक्याच मुलींनी झाली होती, आणि त्याला कोणी किरकोळ म्हणत नाही. पुण्यात ती वाट पडून साठ वर्षे झाली तरी जांजगीरसारख्या ठिकाणी मुलीने पाटी हातात धरणे ही नवलाईच होती. शिवाय शाळा बाईंच्या पाठीमागे बंद पडली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर तिला त्यांचेच नाव मिळाले आणि पुढची काही दशके ती चालू राहिली. जिच्यावर शाळा उभी आहे ती व्यक्ती गेली की शाळा कोसळते, हे आपण पुष्कळदा पाहिले आहे. इथे तसे झाले नाही. कामाचा पाया पक्का होता, याची याहून चांगली साक्ष कोणती?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही शाळा धर्मप्रसारासाठी होती, तेव्हा तिला निर्मळ सेवा का म्हणावे? धर्मप्रसाराचा हेतू होता, आणि तो लपवलेलाही नव्हता. महाराष्ट्राला हा वाद नवा नाही: १८९३ साली पुण्यात पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावर याच कारणाने गदारोळ झाला आणि पालकांनी मुली काढून नेल्या. पण हेतू आणि परिणाम यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार मुलींच्या शाळा चालवत. त्या पाहून आलेल्या जोतीरावांनी त्यांतून धर्म घेतला नाही, शाळेची कल्पना घेतली. अक्षर एकदा शिकवले की त्याचे काय करायचे हे शिकवणाऱ्याच्या हाती राहत नाही. धर्मांतराच्या राजकारणावर टीका जरूर करावी. पण त्या मुलींना शिकवायला त्या काळी दुसरे कोण जांजगीरला आले होते, हेही विचारावे.

राहिली ती शेवटची रात्र. आई आजारी असल्याची तार आली म्हणून बाई मुंबईला आल्या, पर्शिया बोटीने मार्सेयला उतरल्या आणि पुढे इंग्लंडला पोचल्या. लिव्हरपूलहून हॅवरफर्ड बोटीने जायचे ठरले होते, पण कोळसा खाणकामगारांच्या संपामुळे ती अडकली. जास्तीचे पैसे भरून त्यांनी टायटॅनिकचे तिकीट घेतले. अडतिसावा वाढदिवस समुद्रावर गेला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे बोट बुडाली. त्यांचा मृतदेह मिळाला नाही. जागा सोडल्याच्या कथेत त्या जागी कधी एक आई येते, कधी आई आणि मूल. बुडालेल्या तेरांत त्या होत्या, म्हणून कथा अशक्य नाही. पण शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. ती खरी मानली तरी ती एका क्षणाची कृती ठरते. परक्या मुलखात नवी भाषा शिकून रोज सकाळी शाळा उघडणे हे काम वर्षानुवर्षे करावे लागते, आणि त्याची बातमी होत नाही.

टायटॅनिक नसती तर आज फंकबाईंवर कोणी लिहिले नसते, हे खरेच. त्यातून बाईंचे मोल कमी होत नाही. इतिहास लिहिणाऱ्यांची खोड तेवढी कळते. त्यांच्या चरित्रात बोटीचा उल्लेख तळटीपेत चालेल. मुख्य नोंद एकच: १९०८ साली जांजगीरला मुलींची शाळा काढली, आणि ती त्यांच्या पश्चातही चालली.