सेडान व मोठी एसयूव्ही : अंतर्गत जागा आणि आराम

सेडान म्हणजे इंजिन, प्रवासी कक्ष आणि डिकी असे तीन वेगळे भाग असलेली, बहुधा चार दारांची व दोन रांगांची मोटार. मोठ्या एसयूव्हीत प्रवासी कक्ष व सामानाची जागा एकाच उंच छताखाली असते आणि आसनांच्या बहुधा तीन रांगा असतात. एसयूव्ही बाहेरून मोठी दिसते. मात्र प्रत्येक प्रवाशाच्या वाट्याला येणारी जागा तिच्यात जास्त असेलच असे नाही.

मोजमाप : पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांमधील अंतर, म्हणजे व्हीलबेस, हे अंतर्गत लांबीचे ढोबळ माप मानतात. पाय पसरायची जागा पुतळा आसनावर बसवून मोजली जाते. पुढचे आसन पुढेमागे सरकवले की मागचा आकडा बदलतो, त्यामुळे माहितीपत्रकांतील आकड्यांची थेट तुलना फसवी ठरू शकते. डिकी मोजण्याच्या जर्मन पद्धतीत २०० × १०० × ५० मिमी. आकाराचे, प्रत्येकी एक लिटरचे ठोकळे रचतात. एसयूव्हीचा आकडा ठोकळे खिडकीच्या पातळीपर्यंत रचले की छतापर्यंत, यावरही अवलंबून असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या वर्गवारीत सेडानचा वर्ग प्रवासी कक्ष व डिकी यांच्या एकूण घनफळावर ठरतो (११० ते ११९ घनफूट मध्यम, १२० व त्यापुढे मोठी), तर एसयूव्हीचा वर्ग भारासह वजनावर. म्हणजे त्या यादीतही दोन्ही प्रकार एका मापाने मोजलेले नाहीत.

रचना : बहुतेक सेडान मोनोकॉक असतात, वेगळी चॅसी नसून बॉडीच भार पेलते. टोयोटा फॉर्च्युनर किंवा महिंद्रा स्कॉर्पिओ-एन यांसारख्या एसयूव्हींची बॉडी शिडीसारख्या चॅसीवर बसवलेली असते. त्यामुळे फरशी उंच येते आणि छत उंच असूनही आसन व छत यांमधील अंतर त्या प्रमाणात वाढत नाही. महिंद्रा एक्सयूव्ही ७०० व २०२१ची टाटा सफारी या मोठ्या असूनही मोनोकॉक आहेत.

स्कोडा सुपर्ब व फॉर्च्युनर यांच्या २०१६मध्ये भारतात आलेल्या पिढ्या शेजारी ठेवल्या की हा फरक स्पष्ट होतो. सुपर्बची लांबी ४,८६१ मिमी. व व्हीलबेस २,८४१ मिमी.; फॉर्च्युनरची लांबी ४,७९५ मिमी. व व्हीलबेस २,७४५ मिमी. सुपर्बचे इंजिन आडवे बसवलेले असल्याने बॉनेटखाली लांबी कमी लागते आणि वाचलेली जागा मागच्या प्रवाशाच्या गुडघ्यांपुढे जाते. शिवाय ६२५ लिटरची डिकी उरते. फॉर्च्युनरचे इंजिन उभे बसवलेले आहे आणि साधारण तेवढ्याच लांबीत तीन रांगा बसवायच्या आहेत. सुपर्ब चार-पाच जणांना ऐसपैस बसवते, फॉर्च्युनर सात जणांना सामावून घेते.

तिसरी रांग : येथे पोहोचण्यासाठी मधले आसन दुमडून वाकून आत शिरावे लागते. खाली मागचा आस असल्याने फरशी वर आलेली असते, आसन त्या मानाने बुटके असते. परिणामी गुडघे वर येतात आणि मांड्यांना आधार मिळत नाही. मागच्या चाकांवर किंवा त्यांच्या मागे बसल्याने हादरे जास्त बसतात, घाटात मळमळण्याची शक्यताही वाढते. ही रांग वापरात असताना डिकी नावापुरती उरते. २०२१च्या सफारीत ती १०० लिटरहूनही कमी आहे. म्हणून सात जणांच्या प्रवासात बॅगा टपावरच्या कॅरिअरवर जातात.

चढउतार व प्रवासातील आराम : सेडानमध्ये खाली वाकून बसावे लागते आणि उतरताना गुडघ्यांवर जोर येतो. चॅसीवरील उंच एसयूव्हीत उलट अडचण असते : फूटबोर्डवर पाय ठेवून चढावे लागते, नऊवारी नेसलेल्या किंवा गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीला ते सोपे नसते. आसन साधारण कमरेच्या उंचीवर असलेली मोनोकॉक एसयूव्ही अशांना सर्वांत सोयीची. चालू गाडीत सेडानचा गुरुत्वमध्य खाली असल्याने वळणावर ती कमी कलते. बंद डिकीमुळे मागच्या चाकांचा आवाजही प्रवाशांपर्यंत कमी पोहोचतो. खड्डे, कच्चे रस्ते व उंच गतिरोधक यांवर मात्र एसयूव्हीची मोठी चाके आणि जास्त ग्राउंड क्लिअरन्स उपयोगी पडतात. सेडान पूर्ण भरली की तिचे पोट घासण्याची भीती असते. मधल्या प्रवाशाची अडचण कित्येक सेडानमध्ये कायम आहे : पायांमधला फरशीचा उंचवटा त्याला दोन्ही पाय सरळ ठेवू देत नाही.

भारतातील स्थिती : अँबेसेडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमिअर पद्मिनी या सेडानच होत्या. १९९८मध्ये पुण्यात बनलेली सफारी आणि २००२मध्ये नाशिकमध्ये बनलेली स्कॉर्पिओ यांनी एसयूव्हीला घरगुती गाडी म्हणून स्थान मिळवून दिले. २००६पासून चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या लहान गाड्यांना करसवलत मिळाली आणि सेडानची शेपटी कापली गेली : मारुती डिझायर २०१२मध्ये ३,९९५ मिमी.वर आली, तेव्हा डिकी ४४० लिटरवरून ३१६ लिटरवर घसरली. दुसऱ्या टोकाला, मागच्या आसनावर बसणाऱ्या मालकासाठी मर्सिडीज-बेंझने २०१७मध्ये चाकण येथे बनवलेली, ३,०७९ मिमी. व्हीलबेसची लांब ई-क्लास आणली.

एकूण, चार प्रौढांच्या महामार्गावरील लांब प्रवासाला चांगली सेडान अधिक आरामाची ठरते. सहा-सात माणसे नेहमी एकत्र जात असतील किंवा रस्ता खराब असेल, तर मोठी एसयूव्ही योग्य. तिची तिसरी रांग मात्र मुलांसाठी किंवा थोड्या अंतरासाठीच धरावी. गाडी घेण्यापूर्वी घरातील सर्वांत उंच व सर्वांत वृद्ध व्यक्तीला प्रत्येक रांगेत बसवून पाहणे हे माहितीपत्रकातील आकड्यांपेक्षा अधिक भरवशाचे.