अदोबो आणि विंदालू : एक दुरुस्ती

काही वर्षांपूर्वी गोव्याच्या स्वयंपाकाविषयी लिहिताना मी एक वाक्य ठोकून दिले होते. गोव्याचा विंदालू आणि फिलिपिन्सचा अदोबो ही सख्खी भावंडे; एकाला पोर्तुगिजांनी आणले, दुसऱ्याला स्पॅनिशांनी, आणि दोघांचे आजोळ इबेरियन द्वीपकल्पात. वाक्य दिसायला देखणे होते. त्यामागचा आधार एवढाच, की दोन्हींत मांस, लसूण आणि व्हिनेगर असते आणि दोन्ही नावे युरोपातली आहेत. पुढे ते दोन-तीन ठिकाणी उचललेले पाहिले तेव्हा बरे वाटले होते. आता वाटत नाही, कारण ते चूक आहे.

ही चूक ग्रंथालयात नव्हे, घरच्या शेगडीपाशी लक्षात आली. विंदालू मी अनेकदा केलेला आहे. त्यात सुक्या लाल मिरच्या, जिरे, मिरी, दालचिनी, लसूण हे सारे व्हिनेगरमध्ये वाटायचे, मांसाला चोळून रात्रभर मुरवायचे आणि मग शिजवायचे. एका एप्रिलमध्ये पहिल्यांदा अदोबो केला. कोंबडीचे तुकडे, ठेचलेला लसूण, अख्खी मिरी, मीठ, लॉरेलचे पान (मी आपले तमालपत्रच घातले) आणि गोव्याहून आणलेले माडीचे वाटीभर व्हिनेगर, थोडे पाणी. सगळे एकदमच भांड्यात. वाटण नाही, फोडणी नाही. फिलिपिनो घरांतला एक दंडक मात्र पाळला : व्हिनेगर घातल्यावर उकळी फुटेपर्यंत ढवळायचे नाही, नाहीतर त्याचा कच्चा, उग्र दर्प रश्शात राहतो. रस आटत आला की सुटलेल्या चरबीतच तुकडे परतायचे. तिकडे जुन्या पद्धतीने हे मातीच्या भांड्यात, ‘पालायोक’मध्ये करतात. त्याचे कारण कल्हई गेलेल्या पातेल्यात चिंचेचे सार ठेवलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

दोन्ही पदार्थ चाखल्यावर प्रश्न पडला. विंदालूत व्हिनेगर मसाला मांसात मुरवते. अदोबोत व्हिनेगर हेच शिजवण्याचे पाणी आहे. पुष्कळ फिलिपिनो घरांत मांस आधी मुरवतातही, पण ते नाही केले तरी अदोबो होतो. स्पेनमध्ये ‘अदोबो’ म्हणजे व्हिनेगर, लसूण, ओरेगानो आणि लाल मिरचीची पूड यांचे मुरवण. मांस-मासे टिकावेत म्हणून ते त्यात ठेवायचे आणि मग तळायचे. म्हणजे स्पॅनिश अदोबो विंदालूच्या जवळचा. फिलिपिनो अदोबो दोघांपासूनही दूर. मग नाव एक कसे?

उत्तरासाठी १५२१ सालात जावे लागते. त्या मार्चमध्ये मॅगेलनची जहाजे सामार बेटाजवळ पोचली. त्यांच्यावर अंतोनियो पिगाफेत्ता नावाचा इटालियन होता. त्याने माडाविषयी केलेली नोंद स्वयंपाकाच्या इतिहासकारांना सोन्याच्या मोलाची आहे. झाडाच्या शेंड्याला छेद देऊन बांबूच्या नळकांड्यात रस कसा गोळा करतात, खोबरे कुजवून तेल कसे काढतात हे तो सांगतो. मग म्हणतो, की इथले लोक नारळाचे पाणी आंबवून उन्हात ठेवतात आणि त्याचे पांढऱ्या वाइनच्या व्हिनेगरसारखे व्हिनेगर होते. स्पॅनिश सत्तेचा पाया लेगास्पीने सेबूत घातला तो १५६५ मध्ये. त्याच्या ४४ वर्षे आधी तिथल्या घरांत व्हिनेगर होते.

ते वापरत कशासाठी? इथे ‘किनिलाव’ येतो. ताजा मासा कापून व्हिनेगर किंवा आंबट फळांच्या रसात घालायचा. आच न लावता आम्लानेच त्याचे मांस पांढरे, घट्ट होते. दोरीन फर्नांदेझ आणि एदिल्बेर्तो अलेग्रे यांनी १९९१ मध्ये किनिलाववर अख्खे पुस्तक लिहिले. मिंदानाओतल्या बुतुआन येथील उत्खननात माशांच्या हाडांबरोबर ताबोन-ताबोन या फळाच्या अर्ध्या फोडी सापडल्या, याकडे त्यांनी लक्ष वेधले. उत्तर मिंदानाओत आजही माशाचा वास मारण्यासाठी किनिलावात याच फळाचा रस घालतात. तो थर स्पॅनिशांच्या कितीतरी आधीचा. व्हिनेगरमध्ये कच्चे मुरवणारा माणूस त्याच व्हिनेगरखाली जाळ घालणार नाही, असे मानणे अवघड आहे.

खरा पुरावा मात्र एका शब्दकोशात आहे. पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने तगालोग भाषेचा कोश रचला. तो १६१३ मध्ये लागुना प्रांतातल्या पिला गावी छापला गेला. त्यात त्याने स्थानिक पदार्थासाठी स्पॅनिशमध्ये जे शब्द योजले त्यांचा अर्थ होतो ‘इथल्या लोकांचा अदोबो’. मी ही नोंद पूर्वीही वाचली होती, पण उलटी वाचली होती. ‘अदोबो’ शब्द दिसला आणि मी थांबलो. ‘इथल्या लोकांचा’ हा भाग डोळ्यांपुढून निसटला. पाद्री हा पदार्थ आपण आणला असे म्हणतच नाही. त्याला जे दिसले त्याच्या सर्वांत जवळचा आपल्या घरातला शब्द त्याने त्याला चिकटवला, आणि तो आपल्या अदोबोपेक्षा वेगळा आहे हेही लिहून ठेवले. मोल्सवर्थने आपल्या पदार्थांना इंग्रजी प्रतिशब्द दिले म्हणून ते विलायतेहून आले असे आपण मानत नाही. मनिलाच्या बाबतीत मी तेच मानले होते.

पुढे चिनी व्यापाऱ्यांच्या प्रभावाने त्यात सोया सॉस आला आणि आज सर्वत्र दिसणारा तपकिरी अदोबो तयार झाला. पण सोयाविना केलेला ‘पांढरा अदोबो’ अजून आहे, नारळाच्या दुधातला आहे, आणि बातांगासकडे हळद घातलेला पिवळाही. मिरचीची गोष्ट अधिक बोलकी आहे. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे मनिला आणि मेक्सिकोतले आकापुल्को यांच्यामध्ये गलबते चालली. त्या वाटेने मिरची, टोमॅटो, मका तिकडे पोचले. विंदालू मिरचीविना उभा राहत नाही. अदोबोला तिची गरज पडली नाही. युरोपाने घडवलेला पदार्थ असता तर त्या गलबतांचा काहीतरी रंग त्याला लागला असता असे मला वाटते.

उलट दिशेने काय गेले तेही पाहावे. याच गलबतांवरचे फिलिपिनो खलाशी मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर, कोलिमात राहिले. माडाला छेद देऊन रस काढण्याची कला त्यांच्याबरोबर गेली. कोलिमाच्या रस्त्यांवर तो रस आजही विकला जातो, आणि त्याचे तिथले नाव आहे ‘तुबा’, म्हणजे फिलिपिन्समधलेच. इथे पदार्थ आणि नाव एकाच होडीतून उतरले.

विंदालूचेही तसेच. पोर्तुगीज ‘कार्ने दे व्हिन्या द’आल्योस’, म्हणजे वाइन-लसणातले मांस, हे नाव आणि कृती दोन्ही गोव्यात आले. वाइनची जागा माडीच्या व्हिनेगरने घेतली, बाकी मसाला इथला चढला. (शेवटच्या ‘आलू’वरून विलायतेतल्या हॉटेलांनी त्यात बटाटे घातले, तो वेगळा विनोद.) तेव्हा विंदालू हा बाहेरून येऊन इथला झालेला पदार्थ, अदोबो हा मुळात तिथलाच, फक्त बाहेरचे नाव मिळालेला. भावंडे नव्हेत. तोंडावळा सारखा असलेले दोन शेजारी.

नावाने असे फसवणे उलट्या बाजूनेही होते. शेंगदाण्याच्या दाट रश्शात गाईचे शेपूट शिजवून ‘कारे-कारे’ करतात. १७६२ ते १७६४ या काळात इंग्रजांनी मनिला घेतली तेव्हा त्यांच्याबरोबर मद्रासचे शिपाई होते आणि त्यांतले काही कायंता गावी राहिले. कारे-कारे म्हणजे त्यांचीच ‘करी’, असे हौसेने सांगितले जाते. आपल्याला ते आवडते. पण पातेल्यात डोकावले तर नावापलीकडे मद्रासचे मला काही सापडत नाही. ‘अचारा’ मात्र खरोखर आपल्या लोणच्याच्या नावाचा नातलग. कच्च्या पपईचा कीस, गाजर, आले व्हिनेगर-साखरेत घालून तो करतात.

त्या एप्रिलच्या जेवणात अदोबोबरोबर ‘एन्सालादा’ केली होती. नाव पुन्हा स्पॅनिश, अर्थ सॅलड. फिलिपिन्समध्येही मार्च ते मे हा कडक उन्हाचा काळ, आणि व्हिनेगरची ही पाने-फळे तेव्हा ताटात हवीशी वाटतात. कैरीच्या फोडी, टोमॅटो, कांदा आणि ‘बागोओंग’, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा खारट लगदा, ही एक. काकडीच्या चकत्या व्हिनेगर, मीठ, साखर आणि मिरीत, ही दुसरी. तिसरी वांग्याची : निखाऱ्यावर भाजून साल काढायची, वर चिरलेला कांदा-टोमॅटो, मग व्हिनेगर. मी वांगे गॅसवरच भाजले. बागोओंग नव्हता, म्हणून कैरीत भाजलेला जवळा चुरून घातला. फिलिपिनो स्वयंपाकीण हसली असती, पण चव बिघडली नाही.

वांग्याची साल काढताना पुन्हा तेच वाक्य मनात आले : हे तर आपल्या भरिताचे भावंड! लगेच लेखणी आवरली. वांगे आशियाचे, विस्तव सगळ्यांकडे. भाजून सोलायला कोणी कोणाला शिकवावे लागत नाही. टोमॅटो तेवढा गलबतातून आलेला, त्यांच्याकडेही आणि आपल्याकडेही, दोन वेगळ्या वाटांनी.

२०२१ मध्ये फिलिपिन्सच्या व्यापार खात्याने अदोबोसह काही पदार्थांचे मानक ठरवायला घेतले तेव्हा देशभर गलका झाला. प्रत्येकाच्या घरचा अदोबो वेगळा, मग मानक कोणाच्या आजीचे? घरच्या स्वयंपाकावर सक्ती नाही, असा खुलासा खात्याला करावा लागला. फर्नांदेझबाई तर त्याच्या कितीतरी आधी म्हणून गेल्या होत्या, की फिलिपिनो जिभेची खरी ओळख अदोबो नव्हेच. ती आहे ‘सिनिगांग’ : चिंच, बिलिंबी किंवा कच्च्या पेरूने आंबट केलेला मासे-भाजीचा पातळ रस्सा. त्याला स्पॅनिश नाव कोणी दिले नाही. मी तो अजून केलेला नाही. अंगणातल्या बिलिंबीला फळ धरले आहे.