चक, कॉलेट आणि नागदेवीची फेरी

जव्हारसारख्या गावी घरात छोटा लेथ बसवला की पहिला प्रश्न, जुन्या बाजारातलं चक याला बसेल का? नाही बसलं तर पुन्हा नाशिक, नाहीतर थेट मुंबईची नागदेवी स्ट्रीट! म्हणून आधी थोडा इतिहास.

१८६० च्या दशकात अमेरिकेत स्टीफन मोर्सचा टेपर आला. उतार साधारण २० ला १. पण नंबर २ चा २०.०२० आणि नंबर ३ चा १९.९२२! ही विसंगती दीडशे वर्षं कुणी दुरुस्त केली नाही, कारण जगभरची मशीनं तिच्यावरच बसलेली. आपल्या भाषेत बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी :-) ओळख सोपी आहे: जाड टोक १७.७८ मिमी असेल तर नंबर २, २३.८३ असेल तर ३.

१९०२ मध्ये आर्थर जेकब्जने किल्लीच्या चकचं पेटंट घेतलं. मग १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्सचं ईआर कॉलेट आलं. खरी फसगत इथेच होते. ईआर ३२ चं रुंद तोंड मोजलं तर ३३ मिमी भरतं, ईआर २५ चं २६! शिवाय १० चं कॉलेट ९ ते १० मिमीच पकडतं. साडेदहाचा रॉड त्यात कोंबू नका.

तर मंडळी, एसटीत बसण्याआधी व्हर्नियर काढा. मापं कागदावर लिहा. फेरी वाचेल.